मृगाच्या आधी पळसपापडी वेचा

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या गावकऱ्यांनो, शिक्षकांनो, रानात फिरणाऱ्या मित्रांनो,

पळसाच्या शेंगा आत्ता झाडाखाली पडल्या आहेत. वणवा आला तर जळतील, राहिल्या तर कीड पोखरेल. पहिला मोठा पाऊस यायच्या आत पळसपापडी वेचायला बाहेर पडा.

फाल्गुनात रान निष्पर्ण असतं, पाणवठे आटत असतात, तेव्हा पळसाच्या फुलांत मध असतो. शिंजीर, बुलबुल, कोतवाल, साळुंक्या त्यावर तुटून पडतात. हिवाळ्याला आपल्याकडे आलेल्या भोरड्या परत उत्तरेकडे निघण्याआधी थव्याथव्यांनी इथेच पोट भरतात. शिंजीर आणि खारी मध पिता पिता परागीकरणही करून जातात. आणि आपण? बांध सपाट करताना, रस्ता रुंद करताना आधी पळस तोडतो आणि त्या जागी गुलमोहर लावतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, फुलतो भर उन्हाळ्यात. फाल्गुनातली ही पंगत तो कशी वाढणार?

शेंग चपटी, कागदासारखी हलकी. बी एकच, टोकाशी. भोक पडलेली शेंग घेऊ नका. रोपवाटिकेतल्या रोपाचीही वाट पाहू नका. पळसाचं सोटमूळ खोल जाणारं. पिशवीत ते वेटोळं होतं. म्हणून बी रात्रभर भिजवा आणि मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की जागेवरच टोका: बांधाच्या कडेला, ओढ्याकाठी, गायरानात, शाळेच्या कुंपणालगत. एका ठिकाणी दोन-तीन बिया, बोटाच्या पेराएवढ्या खोल. भर शेतात मात्र नको, मुळांना धुमारे फुटतात.

एक कळकळीची विनंती. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात हे रोप वरून वाळून जातं. ते मेलं समजून उपटू नका, वृक्षारोपणाच्या नोंदीत त्यावर काट मारू नका. जमिनीखाली मूळ जिवंत असतं, दर पावसाळ्यात ते नवा कोंब वर पाठवतं आणि स्वतः आणखी खोल उतरतं. कित्येक पळस या घाईनेच गेले असतील, असं मला राहून राहून वाटतं.

ग्रामपंचायतींनी बांधावरचे जुने पळस राखण्याचा ठराव याच महिन्यात करावा. मुलांना अजून सुट्टी आहे. उद्या ऊन चढायच्या आत त्यांना घेऊन निघा. कापडी पिशवी घ्या, आणि प्रत्येक झाडाखाली निम्म्या शेंगा तशाच राहू द्या.