वेशीवरील कर: चुकविणें आणि टाळणें

'कर' हा शब्द कानीं पडतांच घरोघरीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. जकात नाक्यांच्या काळापासून लोकांची अशी समजूत होऊन बसली आहे कीं, वेशीवर द्यावा लागणारा पैसा म्हणजे हकनाक भुर्दंड, आणि तो चुकवील तो शहाणा. या समजुतीचा शांतपणें विचार व्हावा, एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच.

आमच्या शहाडहून मोटारीनें मुंबईस जाणारास पूर्वी मुलुंड अथवा ऐरोली येथील नाक्यावर पथकर द्यावा लागे. दहिसर, वाशी, ऐरोली व मुलुंडचे दोन, अशा पांच नाक्यांवर मोटारीमागें ४५ रुपये घेतले जात. ता. १४ ऑक्टोबर २०२४ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें हलक्या वाहनांस त्याच मध्यरात्रीपासून माफी दिली; अवजड वाहनांवरील कर मात्र कायम ठेवला. मोटारवाल्यांस आनंद झाला, व तो स्वाभाविकच होता. कारण नाक्यावरील रांगेंत इंधन जळे, धूर होई आणि वेळही जाई. परंतु हा कर कशाचा होता? तो उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठीं होता. धुराशीं किंवा गर्दीशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. मोटार नवी असो वा जुनी, पहांटे जा वा भर गर्दींत जा, दर एकच.

परदेशांत कित्येक शहरांनीं याहून निराळे दोन कर बसविले आहेत. पहिला गर्दीचा. सिंगापूरनें १९७५ सालीं शहराच्या मध्यभागीं सकाळच्या गर्दींत शिरणाऱ्या मोटारींस परवाना विकत घेण्यास लावलें. मात्र ज्या मोटारींत चार किंवा अधिक माणसें असतील त्यांस प्रारंभीं माफी होती. लंडननें २००३ सालीं दिवसाला ५ पौंड घेण्यास आरंभ केला व तो दर पुढें वाढविला. दुसरा कर धुराचा. लंडनमध्यें २०१९ सालीं तो मध्यभागीं आला व ऑगस्ट २०२३ मध्यें सर्व शहरभर पसरला. तेथें नाका नाहीं, रांग नाहीं. यंत्र वाहनाचा क्रमांक वाचतें, आणि ठरलेल्या मर्यादेहून अधिक धूर सोडणाऱ्या मोटारीस दिवसाचे साडेबारा पौंड पडतात. स्वच्छ मोटारीस हा कर मुळींच नाहीं. आपल्या देशांतही सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिल्लींत शिरणाऱ्या मालमोटारींवर पर्यावरणाच्या भरपाईचें शुल्क बसविलें.

आतां मुख्य मुद्दा. कर चुकविणें आणि कर टाळणें या दोन गोष्टी एक नव्हेत. क्रमांकाची पाटी झांकणें, दुसऱ्याच्या नांवाची सवलत लाटणें, धुराची तपासणी न करतांच प्रमाणपत्र मिळविणें, हें चुकविणें होय. त्यांत पैसा वांचतो, पण धूर तेवढाच राहतो, आणि तो शेजाऱ्याच्या मुलाच्या छातींत जातो. उलट चौघांनीं एका मोटारींतून जाणें, गर्दीची वेळ सोडून निघणें, जुनें वाहन काढून टाकणें, किंवा मोटार घरीं ठेवून आगगाडीनें जाणें, हें टाळणें होय. असा कर टाळला जावा हाच तो बसविणाराचा हेतु असतो. जो कर सर्वांनीं प्रामाणिकपणें टाळला असतां सफल होतो, त्यास दंड कसें म्हणावें?

यावर कोणी म्हणेल, 'साहेब, हें लंडनास शोभतें. आमच्या येथें कर भरूनही रस्त्यांत खड्डेच.' हा आक्षेप खोटा नाहीं. लंडनच्या कायद्यानें गर्दीच्या करांतून उरणारा पैसा वाहतुकीच्या सुधारणेवरच खर्च करण्याचें बंधन घातलें. स्टॉकहोमनें तर २००६ सालीं आधीं सात महिने प्रयोग करून दाखविला, मग लोकांचें मत घेतलें, व तो प्रश्न लोंबकळत न ठेवतां पुढील वर्षीं कर कायम केला. हिशेब उघडा असला म्हणजे लोक कर सोसतात.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरीं मोटार नाहीं. त्यांचे वडील कसाऱ्याकडून भरून येणाऱ्या लोकलच्या दारांत कसेबसे पाय टेकवून कामास जातात. ता. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ अशाच दाटीनें भरलेल्या गाड्यांतून प्रवासी खालीं पडले व त्यांतील कित्येक प्राणांस मुकले. मोटारवाल्याचे ४५ रुपये वांचले. दारांत लोंबकळणारास काय मिळालें? म्हणून आमचें मत असें कीं, आधीं गाड्या व बसगाड्या वाढवाव्या, मग धुराच्या प्रमाणांत कर घ्यावा, आणि त्याची पै न् पै पुन्हां त्याच गाड्यांवर खर्चावी. हा क्रम उलटा केल्यास कराचा भार गरिबावर पडेल व सोय श्रीमंताची होईल.

तोंवर आपल्या हातीं कांहींच नाहीं, असें मात्र नव्हे. पालकांनीं आपल्या वाहनाची धूर-तपासणी, जिला सर्वजण पीयूसी म्हणतात, मुदतींत व खरोखरीची करून घ्यावी. मुलांनो, तुम्हीं त्या कागदावरील मुदत वाचून वडिलांस आठवण द्यावी, आणि हांकेच्या अंतरावर जाण्यास दुचाकीचा हट्ट धरूं नये. वेशीवर नाका असो वा नसो, आपल्या धुराचा हिशेब आपणच ठेवावा, हें नागरिकत्वाचें पहिलें लक्षण होय.