संशोधनाचा संपूर्ण हिशेब जाहीर झाला पाहिजे



अमुक पदार्थाने हृदयविकार टळतो, तमुक पदार्थाने स्मरणशक्ती वाढते, असे शास्त्राच्या नावावरचे दाखले वृत्तपत्रांतून नित्य प्रसिद्ध होत असताना, त्यांमागे एकंदर किती मोजमापे झाली आणि त्यांपैकी किती मुकाट्याने दप्तरी दाखल करण्यात आली, याची चौकशी कोणीच करीत नाही, ही आमची तक्रार आहे.

2015 साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने जर्मनीतील काही सहकाऱ्यांसह हा प्रकार मुद्दाम घडवून उघडकीस आणला. अवघ्या 15 माणसांचे तीन गट करून, त्यांतील एका गटाला कमी पिष्टमय आहाराबरोबर रोज 42 ग्रॅम कडू चॉकलेट देऊन, तीन आठवड्यांच्या मुदतीत वजन, कोलेस्टेरॉल, रक्तातील प्रथिने, झोप अशा 18 बाबी त्यांनी मोजल्या. रूढ मर्यादेनुसार कोणतीही एक कसोटी निव्वळ योगायोगाने विसांत एकदा फसवू शकते, म्हणजे नसलेला फरक ‘लक्षणीय’ दाखवू शकते. परंतु अशा 18 कसोट्या परस्परांपासून स्वतंत्र धरून लावल्या, तर चॉकलेटात कसलाही गुण नसताना एखादी तरी बाब ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता शेकडा 60 होते. त्या खेपेस वजन हाती लागले. त्यावर बेतलेला निबंध पैसे भरताच एका नियतकालिकाने छापला, आणि जर्मनीतील ‘बिल्ड’सारख्या प्रचंड खपाच्या दैनिकाने चॉकलेटाने वजन घटते ही वार्ता पहिल्या पानावर दिली.

बोहॅननचा हेतू लोकांचे डोळे उघडण्याचा होता. आम्हांला अधिक चिंता वाटते ती सचोटीच्या संशोधकाची. प्रबंधाची मुदत संपत आलेली, अपेक्षित फरक दिसत नाही, आणि मार्गदर्शक सांगतात, “स्त्रिया वेगळ्या काढून बघ, चाळिशीच्या आतले वेगळे काढून बघ, कुठेतरी सिग्निफिकंट येईल.” येतेही; आणि मूळ प्रश्न जणू तोच होता अशा थाटात प्रबंध लिहिला जातो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या आपल्या ग्रंथात विसांत एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचविली खरी, पण प्रयोग पुनःपुन्हा करूनही तेच फळ मिळावे, ही त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा विस्मृतीत गेली आणि मर्यादा तेवढी छपाईचा परवाना होऊन बसली. परिणामी, मानसशास्त्रातील 100 प्रयोग नव्याने करून पाहिले गेले तेव्हा, मुळात 97 ठिकाणी लक्षणीय ठरलेले फळ जेमतेम शेकडा 36 प्रयोगांत पुन्हा मिळाले, हे 2015 सालीच प्रसिद्ध झाले.

यावर उपाय आहे: औषधांच्या चाचण्यांची पूर्वनोंदणी आपल्या देशात 2009 पासून सक्तीची आहे. तीच सक्ती आहार, शेती व मानसशास्त्र या विषयांतील प्रयोगांना आणि विद्यापीठांच्या प्रबंधांनाही लागू व्हावी. मूळ प्रश्न, माणसांची संख्या व लावावयाच्या कसोट्या मोजणीपूर्वी नोंदविल्या जाव्यात. फसलेल्या कसोट्यांचा तपशील निबंधात छापणे बंधनकारक व्हावे. आणि संपादकांनी अशी वार्ता स्वीकारण्यापूर्वी एकूण किती बाबी मोजल्या, हे संशोधकाकडून लेखी मागावे.