सातबारा दीर्घायुषी, ॲप अल्पायुषी

बुलडाणा, विशेष प्रतिनिधी -

जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत शेतातील सोयाबीन, कपाशी वा तुरीची नोंद सातबाऱ्यावर चढवायची म्हणजे आता शेतकऱ्याला मोबाईल हाती घ्यावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या 'ई-पीक पाहणी'ने तलाठ्याच्या दप्तरातील हे काम शेतकऱ्याकडे सोपविले. त्यानंतर ॲपच्या आवृत्त्या बदलत गेल्या. खरीप २०२४ मध्ये निवडक तालुक्यांत चाचणी घेऊन त्याच वर्षीच्या रब्बीपासून केंद्राच्या 'ॲग्रिस्टॅक'मधील 'डिजिटल क्रॉप सर्व्हे' अर्थात 'डीसीएस' ही नवी प्रणाली आणण्यात आली. पहिल्या ॲपला साडेतीन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही.

संगणकतज्ज्ञांना यात नवल वाटणार नाही. कोणतीही मोठी प्रणाली सुट्या घटकांची बनलेली असते. प्रत्येक घटक जन्माला येतो, काही काळ वापरात राहतो, पुढे त्याची दुरुस्ती थांबते आणि अखेरीस तो निवृत्त होतो. इतरांना धक्का न लावता एकच घटक बदलता यावा, हाच या रचनेचा लाभ. अट एवढीच, की दोन घटकांमधील सांधा शाबूत राहिला पाहिजे.

ही कल्पना महसूल खात्याला परकी नाही. सातबारा हाच मुळी दोन घटकांचा जोड आहे. गाव नमुना ७ मध्ये जमिनीचे हक्क, तर नमुना १२ मध्ये पिके. पहिला खरेदी-विक्री वा वारसाहक्काच्या वेळी फेरफाराने बदलतो. दुसरा दर हंगामाला. ज्यांचे आयुष्यमान वेगळे ते नमुने वेगळे ठेवण्याचे शहाणपण कागदी दप्तरातच होते. संगणकीकरणातही हीच विभागणी टिकली. हक्कांसाठी ई-फेरफार, पिकांसाठी ई-पीक पाहणी. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, याचे श्रेय महसूल खात्याला दिलेच पाहिजे.

अडचण आहे ती सांध्यावर. पिकाची नोंद आता केवळ नमुना १२ पुरती उरलेली नाही. हमीभावाने सोयाबीन विकायचे तर हीच नोंद लागते आणि भारतीय कापूस महामंडळाने २०२५ मध्ये आणलेल्या 'कपास किसान' ॲपवरील नोंदणीलाही तिचाच आधार. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, तर लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये होता. त्या हंगामात खुल्या बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले जात होते. ज्याची नोंद राहिली, त्याच्यापुढे खासगी व्यापाऱ्याखेरीज पर्याय उरत नाही. मोबाईलमधील एक घटक बदलल्याची किंमत अशी थेट क्विंटलमागे मोजता येते.

नवी आवृत्ती आली की जुनी निरुपयोगी ठरते. ती उतरवून घेण्यासाठी नेटवर्क हवे, आणि संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुडा पायथ्याच्या गावांत त्याचाच भरवसा नसतो. जुन्या फोनवर नवे ॲप चालेलच असेही नाही. त्यातच पिकाचे छायाचित्र प्रत्यक्ष शेतात उभे राहूनच काढावे लागते. ही अट योग्यच आहे, पण मुलाचा वा शेजाऱ्याचा फोन मागून आणणाऱ्याला ती जड जाते. खरीप २०२५ मध्ये सर्व्हरविषयी तक्रारी झाल्या आणि मुदत वाढवावी लागली. शेतकऱ्याची मुदत संपली की उरलेली पाहणी गावच्या सहायकाकडे जाते. तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झाले म्हणून त्याच्यावरील पडताळणीचा बोजा काही कमी झालेला नाही.

निवृत्त घटकांचा प्रश्न जगभर आहे. 'लॉगफोरजे' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकाची पहिली मालिका ऑगस्ट २०१५ मध्येच निवृत्त घोषित झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या मालिकेत गंभीर दोष सापडला तेव्हा झाडाझडती सुरू झाली, आणि निवृत्त झालेली पहिली मालिकाही असंख्य ठिकाणी चालूच असल्याचे दिसले. याउलट 'विंडोज एक्सपी'चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपणार, हे मायक्रोसॉफ्टने कित्येक वर्षे आधी जाहीर केले होते. तरीही बँकांची एटीएम यंत्रे बदलताना धावपळ झालीच. मग पेरणीनंतर हाती येणाऱ्या नव्या ॲपने शेतकरी गोंधळला, तर दोष त्याच्या अज्ञानाला देता येणार नाही. जुनी आवृत्ती कधी बंद होणार ते पेरणीपूर्वी चावडीवर लावावे आणि किमान एक हंगाम दोन्ही प्रणाली समांतर चालू ठेवाव्यात. यासाठी नव्या तंत्रज्ञानाची नव्हे, वेळापत्रकाची गरज आहे.

ते वेळापत्रक एकट्या महसूल खात्याने आखून भागणार नाही. 'कपास किसान'वरील नोंदणी १ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली, तेव्हा खरिपाची पीकपाहणी चालूच होती. कपाशी सातबाऱ्यावर उमटण्याआधीच दुसरे ॲप त्या सातबाऱ्याची मागणी करीत होते. पुढे दोन्हीकडे मुदतवाढ द्यावी लागली.