वीरगळ हकिकत सांगतो, फलक नुसते नाव

शिपाईगिरीची आठवण दगडात कोरायची रीत कोकणाला नवी नाही. आपल्या किनाऱ्यावरून मुंबई ओलांडली की बोरिवलीत एकसरचे जुने वीरगळ उभे आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आणि समुद्रावरची लढाई कोरली आहे. वीरगळाची पद्धतच अशी, की खाली लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं, की हा गडी कसा पडला.

आता आपलं पाहा. 2023 साली ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. वीरांची नावे लागली, हे चांगलंच झालं. पण नावावरून पोराला काय कळणार? आजोबा बर्फात चौकीवर होते, की लष्करी ट्रक चालवत होते? सगळेच काही बंदूक घेऊन उभे नसतात. कोणी खेचरं सांभाळली, कोणी लंगरात भाकऱ्या भाजल्या. ती हकिकत माणसाबरोबर जाते. मागे उरते पत्र्याची ट्रंक.

हे कोरणारे हात बाहेरून आणायला नकोत. अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) गणपती घडवणाऱ्या घरातले. गावच्या देवळात त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि पोराला जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. पुढे त्याच हातांनी पुण्याचा महाराजांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा घडवला. 1928 मध्ये त्याचं अनावरण झालं. सासवण्यातलं त्यांचं संग्रहालय एकदा तरी पाहावं. पेणच्या मूर्तिकारांचा हात तर आपण दरवर्षी पाहतोच.

म्हणून सरपंच आणि ग्रामसेवकांना सांगणं एवढंच: माजी सैनिकांना ग्रामसभेत बोलावा, त्यांच्या तोंडून आठवण ऐका, लिहून घ्या. मूर्तिकाराला त्यांच्यासमोर बसवून आधी मातीत नमुना करून घ्या. चूक असेल तर तेच सांगतील, “पट्टा असा नव्हता रे!” मग काळ्या दगडात कोरा. खाऱ्या हवेत सिमेंटमधली सळई गंजते आणि पुतळा तडकतो. उंच चौथरा नको, कमरेइतका दगड पुरे.

आणि शिवारात जुना वीरगळ असेल तर त्याला ऑइलपेंट फासू नका, बांधासाठी हलवू नका. पुरातत्त्व खात्याला कळवा. तोही कुणाचा तरी आजोबाच होता.