हात कोणाचा हलतो?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या धंद्याचा हंगाम सुरू होतो. त्याच्या महिनाभर आधी आमच्या टेबलावर एक प्रश्न दरवर्षी येतो. ‘एसएलआर बॉडी आहे, किट लेन्स आहे. आता सगळीकडे चालेल अशी एकच झूम घ्यायची आहे, स्टॅबिलायझेशनवाली. कोणती घेऊ?’ बॉडी कोणती आणि काम कसलं, हे मात्र पत्रात बहुधा लिहिलेलं नसतं.

प्रश्न यंदा जास्त निकडीचा आहे. कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष मिररलेसकडे वळलं आहे. हौशी मंडळी एसएलआरचा संच विकून मोकळी होत आहेत आणि चांगल्या लेन्स सेकंड हँड बाजारात येत आहेत. तालुक्याच्या गावातला स्टुडिओ अजून एसएलआरवरच कमावतो. त्याला ही खरेदीची संधी आहे आणि फसण्याचीही.

आधी स्टॅबिलायझेशन म्हणजे काय ते पाहू. लेन्समधल्या जायरो सेन्सरना हाताचा कंप कळतो आणि भिंगांचा एक गट त्याच क्षणी उलट दिशेला सरकून प्रतिमा जागेवर धरतो. एसएलआरसाठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ मध्ये आणली, ७५-३०० आयएस. तिच्याकडून साधारण दोन स्टॉपचा आधार मिळे. पुढे निकॉनने याला व्हीआर म्हटलं, सिग्माने ओएस, टॅमरॉनने व्हीसी. नावं वेगळी, काम एकच, तुमचा हात सावरण्याचं. समोरच्याचा हात ती सावरत नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

दोन प्रसंग घेऊ. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर तुम्ही उभे आहात. फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. फुलफ्रेम बॉडीवर १०५ मिमीला जुन्या नियमाप्रमाणे निदान १/१०० सेकंद लागतो. तीन स्टॉपच्या आयएसने तेच काम १/१३ वर निभावतं. पद्मपाणी हलणार नाही, त्यामुळे वाचलेला प्रत्येक स्टॉप पदरात पडतो. एफ/४ ची लेन्स इथे एफ/२.८ च्या साध्या लेन्सवर सहज मात करते.

आता हळदीला या. घराच्या पडवीत, एका ट्यूबलाइटखाली, आयएसओ १६०० आणि एफ/५.६ वर शटर १/३० च्या वर जात नाही. व्हीआर चोख काम करतो. मागची भिंत, पाट, तांब्या सगळं शार्प. फक्त हळद लावणाऱ्या मावशीचा हात पुसलेला आणि नवरीचं हसणं दुहेरी. इथे १/१२५ हवा होता. एफ/२.८ ची लेन्स असती तर आयएसओ न वाढवता तो मिळाला असता, कारण एफ/५.६ पेक्षा ती चौपट प्रकाश घेते. चार स्टॉपच्या स्टॅबिलायझेशनने मावशीच्या हाताचं काही होत नाही.

म्हणून सल्ला मागणाऱ्याला आम्ही उलट विचारतो, तुमच्या कामात हात कोणाचा हलतो? वास्तू, मूर्ती, देवळं, निसर्ग, जेवणाची ताटं, उभं राहून काढून घेतलेले ग्रुप, यांत हलतो तो फोटोग्राफर. त्याने लांब पल्ल्याची, स्टॅबिलायझेशनची झूम बिनधास्त घ्यावी. रंगमंच, नाच, लहान मुलं, ढोल-ताशा, अंतरपाट दूर होताच उडणाऱ्या अक्षता, यांत हलतो तो समोरचा. तिथे आधी मोठं अॅपर्चर पाहावं, स्टॅबिलायझेशन नंतर.

दुसरी फसगत आकड्यांची. कॅननची २८-१३५ आयएस १९९८ ची, म्हणजे फिल्मच्या काळातली. फिल्मवर तिचा पल्ला सुरेख होता. आजही ती स्वस्तात मिळते, म्हणून क्रॉप सेन्सरच्या बॉडीसाठी घेतली जाते. १.६ ने गुणा, ती झाली ४५ ते २१६. चाळीतल्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी आजी-आजोबांपासून नातवापर्यंतचा ग्रुप फ्रेममध्ये मावत नाही. त्याच बॉडीवर १८-१३५ आयएस २९ पासून सुरू होते, आणि तिची एसटीएम आवृत्ती ४८० ग्रॅमचीच आहे. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर हेच काम १८-१४० व्हीआर करते. दिवसभर उन्हात आणि फ्लॅशवर काम करणाऱ्याची गरज या दोन लेन्सवर भागते.

घरात आणि हॉलमध्ये फ्लॅशशिवाय काम करणाऱ्या क्रॉपवाल्यांसाठी कॅननची १७-५५ एफ/२.८ आयएस २००६ पासून आहे. पल्ला छोटा, पण हात आणि प्रकाश दोन्ही सांभाळते. मात्र पुढे फुलफ्रेम घ्यायचा बेत असेल तर ही लेन्स त्या बॉडीवर बसणार नाही, हे आधीच धरून चाला.

फुलफ्रेमवाल्यांची मोठी गल्लत २४-१०५ आणि २४-७० यांच्यात होते. कॅननची २००५ ची २४-१०५ एफ/४ आयएस ६७० ग्रॅमची, निकॉनची २०१० ची २४-१२० एफ/४ व्हीआर ७१० ग्रॅमची. दोन्ही खऱ्या अर्थाने बहुपयोगी. एफ/२.८ आणि स्टॅबिलायझेशन दोन्ही हवं असेल तर टॅमरॉनने २०१२ मध्ये २४-७० व्हीसी आणली, निकॉनने २०१५ मध्ये आपली. निकॉनची किलोच्या वर जाते. मुहूर्त सकाळचा आणि रिसेप्शन रात्रीचं असेल, तर त्या वजनाचा हिशेब मनगट मागतंच. कॅननने एसएलआरसाठी २४-७० एफ/२.८ मध्ये आयएस दिलाच नाही. तेव्हा ‘कॅननची आयएसवाली २४-७० एफ/२.८’ कोणी विकायला आणली तर लेन्सवरची अक्षरं नीट वाचा. ती एफ/४ असेल.

१८-२०० सारख्या सुपरझूमला नाकं मुरडायची आपल्यात रीत आहे. ती आम्हाला पटत नाही. वारीत धूळ आणि पावसात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर चिखल ओढवून घेणं. तिथे एकच लेन्स लावून दिवस काढणारा शहाणा. मात्र २०० ला तिचं अॅपर्चर एफ/५.६ असतं. उघड्या माळावरच्या रिंगणाला ते पुरतं, रात्रीच्या कीर्तनाला नाही.

मग निवड कशी करायची? उत्तर तुमच्या हार्ड डिस्कवर आहे. गेल्या हंगामातली, ग्राहकाला दिलेली हजारभर छायाचित्रं लाइटरूममध्ये उघडा आणि फोकल लेंग्थप्रमाणे छाननी करा. काढलेली नव्हे, दिलेली. निम्म्याहून अधिक २४ ते ७० च्या दरम्यान निघाली तर लांब झूमचे पैसे वाचवा. ढीगभर छायाचित्रं पल्ल्याच्या टोकावर साचलेली दिसली तर तुम्हाला पुढे जायला पल्ला कमी पडतो आहे. टाकून दिलेल्या फोल्डरातही डोकावा. सगळी फ्रेम हलली आहे, की फक्त माणूस पुसला गेला आहे? पहिल्या दोषावर स्टॅबिलायझेशन हे औषध आहे, दुसऱ्यावर नाही.

जुनी लेन्स घेताना टॉर्च सोबत न्या. मागून प्रकाश टाकला की बुरशीचं जाळं दिसतं, आणि कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ते शोधायलाच हवं. शटर अर्धं दाबून कान द्या. बारीक गुणगुण चालेल, खडखड नको. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारत असेल तर लेन्स परत ठेवा. आणि जुन्या आयएस लेन्स ट्रायपॉडवर बसवल्या की स्विच बंद करायची सवय लावा, नाहीतर नसलेला कंप शोधत त्या स्वतःच फ्रेम हलवतात.

शेवटी एक चाचणी, काउंटरवरच करण्याजोगी. स्वतःची बॉडी आणि कार्ड घेऊन जा. झूम टोकाला नेऊन १/१५ वर दहा फ्रेम स्टॅबिलायझेशन बंद ठेवून काढा, दहा चालू करून. मग दुकानातल्या मुलाला हात हलवायला सांगा आणि आणखी दहा काढा. त्यांत मागच्या दराच्या पाटीवरचा आकडा स्वच्छ वाचता येईल आणि मुलाचा हात पुसलेला असेल. पाटीचे फोटो काढून पोट भरत असेल तर लेन्स बांधून घ्या. नाहीतर त्याला एफ/२.८ दाखवायला सांगा.