बोजा सातबाऱ्यावरचा आणि मनावरचा

सन 1875 च्या मे महिन्याच्या 12 तारखेला, आज बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुपे या गावी, बाजाराच्या दिवशी जमलेली रयत सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेली आणि हाती लागलेले कर्जरोखे व वह्या तिने अग्नीच्या स्वाधीन केल्या. दख्खनच्या दंग्यांचा आरंभ येथूनच झाला. त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे शेजारच्या इंदापूर तालुक्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने ठरवलेला सारा न पेलल्यामुळे कुळांनी जमिनी टाकून दिल्या होत्या. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी 1836 साली नवी जमाबंदी करून सारा उतरवला व तीस वर्षांसाठी कायम केला. दंग्यांनंतरही सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. या दोन्ही प्रसंगी रयतेला एक गोष्ट उमगली होती, की आपल्या दैन्याचे मूळ आपल्या अंगच्या दोषात नसून बाहेरच्या हिशेबात आहे.

आजच्या शेतकऱ्याच्या मनातून नेमकी हीच जाणीव नाहीशी झाली आहे, आणि माझ्या मते त्याच्या मनोव्यथेचे बीज तेथेच आहे. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढला, डाळिंबाची बाग रोगाने गेली, मुलीचे लग्न लांबले, तर तो दोष स्वतःच्या माथी घेतो आणि गप्प बसतो. 'पूर्वीच्या लोकांनी काय कमी हाल सोसले?' असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात, तो रास्तच आहे; परंतु 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला सारा गाव एकत्र जात होता, त्यामुळे हाल होते तरी त्यांची लाज नव्हती. नीरा डाव्या कालव्याने मात्र या मुलखाचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग केले आहेत, आणि शेजाऱ्याचा हिरवा ऊस रोज डोळ्यांसमोर असताना स्वतःचे कोरडे रान पाहत बसणे हे सर्वांनी मिळून सोसलेल्या दुष्काळाहून मनाला अधिक जाळते.

हा भार वयोमानाप्रमाणे रूप बदलतो. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील कारखान्यांच्या गाळप हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेले मूल शाळा अर्ध्यावर सोडून कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते, आणि मुकादमाची उचल फिटली की नाही हे त्याला बापाच्या आवाजावरून कळते. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेला जिरायत पट्ट्यातील तरुण वय निघून गेल्यावर गावी परतायला संकोचतो. आणि परतला, तर शेतीवर आहे म्हणून सोयरीक जुळत नाही. बचत गटाचा हप्ता आणि घरातले दुखणे दोन्ही अंगावर घेणारी मध्यमवयीन स्त्री दवाखान्यात जाऊन 'डोकं जड वाटतं, झोप लागत नाही' एवढेच सांगते आणि सलाईन लावून घरी परतते. आणि उजनी धरणाच्या पाण्यात ज्यांची गावे गेली ते वृद्ध, उन्हाळ्यात पाणी ओसरून जुन्या पळसदेवचे देऊळ उघडे पडले की, पुन्हा एकदा आपल्या बुडालेल्या उंबऱ्याशी जाऊन येतात.

दारिद्र्य आणि मनोव्याधी परस्परांना पोसतात, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. विवंचनेने झोप उडते, झोपेअभावी कामाची ताकद खचते, काम खुंटले की कर्ज वाढते आणि कर्जाने विवंचना वाढते. हे चक्र औषधाने एका ठिकाणी तुटते. परंतु कर्ज तसेच राहिले तर ते पुन्हा फिरू लागते. देशातील 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकारपरत्वे 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असे आढळले. वास्तविक 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे, आणि ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी साहाय्य देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

तो हक्क तालुक्याच्या कचेरीपर्यंत यावा, एवढीच माझी मागणी आहे. बँकेच्या आणि सोसायटीच्या प्रत्येक वसुलीच्या नोटिशीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ठळक छापावा. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करणाऱ्या तलाठ्याने घरातल्या माणसांचीही विचारपूस करावी आणि गरज दिसल्यास आशाताईंना कळवावे. गाळप हंगामात कारखान्यांनी तोडणी तळांवर समुपदेशक पाठवावेत. आणि केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी निद्रानाशाबरोबर कर्जाचीही नोंद करून रुग्णाला कोणत्या योजनेकडे धाडायचे ते सांगावे. मुलकी खाते आणि आरोग्य खाते यांनी एकाच माणसाकडे दोन दप्तरांतून पाहण्याचे थांबवल्याखेरीज यातले काहीही साधणार नाही.

वाचकहो, सरकारचे काम सरकार करील तेव्हा करील. तोवर पारावर एकटा बसलेला शेजारी दिसला तर उसाचा उतारा किती पडला हे विचारण्याआधी त्याला झोप लागते का ते विचारा, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या. 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो, आणि त्यावर मराठीत बोलता येते.