भोंगा वाजला कधी?

दि. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षात आग लागली आणि १० बालके दगावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार येथे, तर नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरात, रुग्णालयांचे अतिदक्षता विभाग पेटले. प्रत्येक वेळी शोकसंदेश निघाले, मदत जाहीर झाली, चौकश्या बसल्या. पुढे काय?

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. प्रमाणपत्र मिळतेही! पण त्यावर सही होण्यापूर्वी छतावरच्या धूरसूचकाखाली कोणी शिडी लावली होती काय?

हे काम कागदाचे नव्हे, हाताचे आहे. धूरसूचकात धूळ साचली की तो विनाकारण ठणाणा करतो. वैतागलेला पहारेकरी पॅनेलवरचा आवाजच बंद करून टाकतो आणि खरी आग लागते तेव्हा यंत्रणा मुकी असते. पॅनेलची बॅटरी केव्हाच संपलेली असते. पंपाची कळ ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर कोणी फिरवली, हे कोणासच ठाऊक नसते. कार्डाने उघडणाऱ्या दाराचे चुंबकीय कुलूप आगीचा इशारा होताच सुटलेच पाहिजे. अन्यथा चोरास अडविणारे दारच आतल्या माणसांना कोंडून मारील. अग्निशमन आणि सुरक्षा यांची ही गाठ ओळखणारा तंत्रज्ञ केवळ फळ्यासमोर बसून घडत नाही. जाणत्याच्या हाताखाली दहा इमारती पालथ्या घालाव्या लागतात. इंग्लंडमध्ये याच कामासाठी स्वतंत्र शिकाऊ उमेदवारी आहे, तीही साधारणतः ३ वर्षांची.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ पासून आहे. ३० वा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने उमेदवार घेणे बंधनकारक आहे. विद्यावेतनाचा काही भार २०१६ पासून केंद्र सरकार उचलते. मग अडते कोठे? एक तर, अनेक ठेकेदारांना ‘शिकाऊ’ म्हणजे स्वस्त मजूर वाटतो. वर्षभर त्याच्याकडून केबल ओढून घ्यायची, पॅनेल मात्र उघडूनही दाखवायचे नाही! हा उमेदवारीच्या नावाखाली चाललेला शुद्ध अपहार आहे.

पण सारा दोष ठेकेदाराच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसलेला मुलगा आपल्याला चालतो; आयटीआय करून खांद्यावर हत्यारांची पिशवी घेतलेला चालत नाही. स्थळ पाहतानाही ‘मुलगा वायरिंगचे काम करतो’ हे वाक्य आवाज उतरवून उच्चारले जाते. खंडेनवमीला हत्यारांवर हळद-कुंकू वाहायचे आणि दशमीला ते हत्यार उचलणाऱ्यास दारातच उभे ठेवायचे, ही कोणती संस्कृती? (पाणी विचारले, तरी पुष्कळ.) ज्याच्या हातावर आपल्या म्हाताऱ्यांचा आणि लेकरांचा जीव सोपवायचा, त्याचे नावही आपण विचारीत नाही.

येत्या जुलैनंतरच्या सभेत आपल्या सोसायटीचे चिटणीस प्रमाणपत्र आल्याचे सांगतील. तेव्हा उठून एवढेच विचारावे : तपासायला कोण आले होते, त्याने हे काम कोणाच्या हाताखाली शिकून घेतले, आणि भोंगा किती वाजता वाजला? आम्ही तर घरीच होतो.